बाकड्याकडची स्क्रीन

कडा गावातल्या काही भिंती अजून मैनुद्दीन पेंटरचं अक्षर अंगावर घेऊन उभ्या आहेत. खताच्या दुकानावर आहे, पिठाच्या गिरणीवर आहे, बंद पडलेल्या एका सलूनच्या फळीवरही आहे. रंग उडाला, ऊन खाऊन पोपडे सुटले, पण वळण सुटलं नाही. मैनुद्दीन शिडीवर चढून काम करायचा तेव्हा बघणारे रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे. शिडीखाली कोणी येत नसे. वरून रंग ठिबकतो आणि धुतल्यानं तो जात नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

अफसाना ही त्याची थोरली मुलगी. अक्षराचं वळण तिनं बापाकडून घेतलं, पण ब्रश घेतला नाही, कारण ती हाताशी येईपर्यंत ब्रशाला काम उरलं नव्हतं. गावात फ्लेक्स आला होता. वाढदिवस, लग्न, दुकानाचं उद्घाटन, भरतीत निवड, दहावा, सगळं फ्लेक्सवर आलं. मैनुद्दीनचे हात थरथरायला लागले आणि त्याच सुमारास गिऱ्हाइकही हळूहळू दुसरीकडे गेलं. तेव्हा अफसानानं आष्टीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकून घेतलं, एक जुना कॉम्प्युटर मिळवला आणि बापाच्या रंगाच्या डब्यांची खोली झाडून तिथं बसली. एसटी स्टँडवरून कारखान्याकडे निघालं की डाव्या हाताला ही खोली लागते. वर पाटी आहे, ती मैनुद्दीननं रंगवलेली शेवटची पाटी.

तिचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. हौस म्हणून नाही. गिऱ्हाइकं फोटो पेनड्राइव्हवर आणायची आणि फोटोबरोबर व्हायरस आणायची. एका लग्नसराईत सगळं डिझाइन पुसलं गेलं आणि नवरीकडची माणसं दारात बसून राहिली. तेव्हा तिनं विंडोज काढून टाकलं. फुकट मिळणारं, कोणालाही उघडून बघता येणारं सॉफ्टवेअर तिनं हिंदी व्हिडिओ बघून बघून शिकून घेतलं. अक्षरं आणि आखणी इंकस्केपमध्ये, फोटो गिम्पमध्ये. डिझाइन पूर्ण झालं की फाइल नगरला छपाईवाल्याकडे पाठवायची आणि छापलेला फ्लेक्स गुंडाळी होऊन एसटीनं कड्याला यायचा.

काम चांगलं होतं. वाईट होती ती गिऱ्हाइकाची उभं राहायची जागा.

फ्लेक्स करायला माणूस एकटा येत नाही. ज्याचा फोटो वर आहे तो येतो, ज्यांचे खाली आहेत तेही येतात. कोणाचं तोंड कोणापेक्षा बोटभर मोठं, मधे कोण, कडेला कोण, यावर भावकी वर्षभर बोलत नाही अशी उदाहरणं आहेत. त्यामुळे जो तो डोळ्यांनी बघायला येतो. आणि स्क्रीन तर अफसानाच्या तोंडासमोर. मग चार गडी तिच्या खुर्चीमागे उभे राहायचे. एकाचा हात खुर्चीच्या पाठीवर, एकाचं बोट तिच्या खांद्यावरून स्क्रीनवर. मानेवर तंबाखूचा वास यायचा. ती खुर्ची पुढं ओढायची, ते पुढं सरकायचे. शेवटी तिचं पोट टेबलाला टेकायचं आणि सरकायला जागा उरायची नाही.

मैनुद्दीन दारात स्टुलावर बसून हे बघायचा. बोलायचा नाही. पण उन्हाळ्यात जामखेडकडचे पाहुणे अफसानाला बघायला येणार होते, ते घरी यायच्या आधी परस्पर दुकानावरून गेले. दारातून आत नजर टाकली, खुर्चीमागची गर्दी बघितली आणि घरी न येता तसेच परत फिरले. अफसानाच्या आईनं, बीबीजाननं, भरलेलं शिरखुर्म्याचं पातेलं शेजारी वाटलं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिताना मैनुद्दीन म्हणाला, "दिवाळीनंतर खुर्चीवर साजिद बसंल. तू घरून सांग त्याला काय करायचं ते."

साजिद हा अफसानाच्या मामाचा मुलगा. मोबाइल दुरुस्त करायचा. पोरगा वाईट नव्हता, पण 'मैनुद्दीन'मधला 'द्दी' त्याला एकदाही धड लिहिता आला नव्हता. आपल्या खुर्चीत तो बसल्यावर आपल्या हातचं वळण त्या खोलीतून जाईल, हे अफसानाला कळलं. ती बापाशी भांडली नाही. तिनं विचारलं, "मागं कोणी उभंच ऱ्हायलं न्हाई तर?"

मैनुद्दीननं कप खाली ठेवला. "तर मग कशाला साजिद पायजे."

एवढीच बोली झाली.

नगरला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला होता. तिथून तिनं एक रुंद मॉनिटर आणला. तिचा स्वतःचा जुना, चौकोनी, आखूड. नवा म्हणजे दारासारखा लांब. टेबलावर तिनं तो उलटा ठेवला, म्हणजे त्याची पाठ तिच्याकडे आणि तोंड पलीकडे. पलीकडे भिंतीशी एक लांब बाकडं टाकलं. आता मधे टेबल, अलीकडे ती, पलीकडे गिऱ्हाईक. कॉम्प्युटरला मागं दोन निराळी भोकं होती, एकात जुन्या मॉनिटरची वायर बसत होतीच, दुसऱ्यात नव्याची बसली. लिनक्सनं नवा मॉनिटर लगेच ओळखला आणि त्यावर नुसता निळा डोंगर दाखवला. चित्र काही आलं नाही.

सेटिंगमध्ये तिला दोन चौकटी दिसल्या, एक लहान, एक मोठी, शेजारी शेजारी. लिनक्सचा समज असा झाला होता की या बाईला मोठं अंगण पाहिजे, म्हणून त्यानं दोन स्क्रीन जोडून एक केल्या होत्या. माउस उजवीकडे नेला की बाण तिच्या काचेतून नाहीसा व्हायचा आणि पलीकडे उगवायचा. तिला तो दिसायचा नाही, बाकड्यावर बसलेल्या मैनुद्दीनला दिसायचा. तो म्हणायचा, आला बघ इकडं. ती ओढून परत आणायची. पुन्हा जायचा. बांध ओलांडणाऱ्या शेरडासारखं झालं. शेवटी तिला 'मिरर' असा पर्याय सापडला. आरसा. तिच्या स्क्रीनवर जे असेल तेच पलीकडे दिसेल. तिनं तो दाबला, दोन्ही काचा क्षणभर काळ्या झाल्या आणि उजळल्या, आणि पलीकडून मैनुद्दीन म्हणाला, "आलं."

अफसानानं ते झालं म्हणून सोडून दिलं. पलीकडे जाऊन बघायचं तिच्या मनात आलं नाही. बाप बघत होता, तेवढं पुरे होतं.

त्या दिवसापासून खुर्चीमागची भिंत मोकळी झाली. माणसं येत, बाकड्यावर बसत, समोरच्या रुंद काचेत आपली तोंडं बघत आणि तिथून सांगत. ती इकडं आपल्या चौकोनी काचेत बघून हात चालवी. मैनुद्दीन दारात बसून पुन्हा पेपर वाचायला लागला. खताच्या दुकानवाल्यांचा फ्लेक्स झाला, एका गणेश मंडळाचा झाला. बाकड्यावरून लोक खूश होऊन उठायचे. म्हणायचे, ताई, तुझ्या हातात फोटो भरतो. अफसाना ते कौतुक म्हणून ठेवून घ्यायची. साजिदचं नाव घरात निघेनासं झालं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा वस्तीवरचा प्रविण आला. त्याची बहीण मनिषा पोलीस भरतीत निवडली गेली होती आणि ट्रेनिंग संपवून वर्दीत घरी येणार होती. घरातली माणसं दरसाल उसाच्या तोडीला जाणारी. टोळी निघायच्या आधी एवढाच काय तो वेळ होता की सगळी भावकी वस्तीवर एका जागी असेल. त्या आधी रस्त्याच्या तोंडाला फ्लेक्स लागायला पाहिजे होता.

मधे वर्दीतली मनिषा, भलीमोठी. खाली रांगेत शुभेच्छुक: वडील बबनराव, चुलते, चुलतभाऊ आणि कडेला स्वतः प्रविण. अफसानानं सगळं मांडलं. प्रविण मित्राबरोबर बाकड्यावर बसून बघत होता. अक्षरं आवडली, तिरंग्याचा पट्टा आवडला. मग तो अडला.

"ताई, मनी लई जाड दिसती."

अफसानानं आपल्या काचेत बघितलं. पोरगी काटक होती, धावून धावून सडसडीत झालेली. तरी ती काही बोलली नाही. मैनुद्दीनचा एक नियम तिनं अक्षराबरोबरच घेतला होता. अक्षर आपलं, पण तोंड गिऱ्हाइकाचं. त्याच्या तोंडाबद्दल त्यानं सांगितलं ते खरं. मैनुद्दीननं या नियमापायी एका पाटलाच्या गालावरचा तीळ भिंतीवरून आयुष्यभरासाठी पुसला होता.

तिनं फोटो दोन्ही बाजूंनी जरासा आत ढकलला.

"आजून," प्रविण म्हणाला. "मैदानात पहिली आलीय ती. लोक हसतेन, म्हंतेन ही कुठं पळली."

तिनं आणखी ढकलला. आता तिच्या काचेत मनिषाचे गाल बसले होते. तिनं विचारलं, बारीक नाही का होत? प्रविणनं मित्राकडे बघितलं, मित्रानं मान डोलावली. "आता कुठं बराबर आलं."

"आन् खालचे?"

प्रविणनं रांगेकडे नीट बघितलं. बाप, चुलते, तो स्वतः, सगळे गालांनी भरलेले दिसत होते. "ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "खात्यापित्या घरचे दिसतेत."

फाइल नगरला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं गुंडाळी आली आणि प्रविणनं ती तशीच वस्तीवर नेली.

ती गुंडाळी उन्हं कलायच्या आधीच परत आली. यावेळी प्रविणच्या पुढं त्याची आई होती. कौशल्याबाई दुकानाची पायरी चढली, गुंडाळी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, उघड. अफसानानं उघडली. हातभर उघडली तेव्हाच तिला दिसलं. खाली पाच-सहा गडी, जसेच्या तसे, नीट, धट्टेकट्टे. आणि त्यांच्या वर एक पोरगी, गाल आत गेलेले, मान काडी, वर्दी अंगावर टांगल्यासारखी.

कौशल्याबाईचा आवाज चढला नाही. "बाप्ये खाऊन बसले आन् पोरीला उपाशी ठिवली, असं दिसतंय हे. आमी फडावर असताना तिला आधी वाढलंय, मग आमी खाल्लंय. हे म्या माझ्या दारात लावू?"

मैनुद्दीननं पेपर घडी घालून मांडीवर ठेवला.

प्रविण आईसमोर खाली मान घालून होता, त्याला कुठंतरी राग काढायला पाहिजे होता. त्यानं तो काचेवर काढला. म्हणाला, हे असं पलीकडं बसवायचं नाटक कावून केलं? पहिल्यासारखं मागं उभं राहून बघितलं असतं तर कळलं असतं. ती करती एक आणि आमाला दाखवती एक. असं म्हणत तो टेबलाला वळसा घालून अफसानाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. "दाव आता. हितून बघतो."

खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात पडला. अफसानाला तो बघायला वळावं लागलं नाही, खुर्ची हलली तेवढ्यावरून कळलं. दारात मैनुद्दीन स्टुलावरून उठला होता. तो प्रविणकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. दिवाळी चार दिवसांवर होती आणि बोली दोघांनाही पाठ होती.

अफसानानं फाइल उघडली. मनिषाचा मूळचा फोटो, न ढकललेला, पुन्हा मधे बसवला. खुर्चीमागून प्रविण म्हणाला, "हा तर चांगला हाय की."

त्याच वेळी बाकड्यावर टेकलेली कौशल्याबाई म्हणाली, "आगं, फुगली की माही पोर."

दोघं एकाच फोटोबद्दल बोलत होते. अफसाना उठली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि कौशल्याबाईच्या शेजारी बाकड्यावर बसली.

मॉनिटर आणल्यापासून ती त्या बाकड्यावर कधी बसली नव्हती. त्या काचेची तिनं नुसती पाठ बघितली होती. आता समोरून बघितलं तर मनिषा रुंद, बबनराव रुंद, तिची स्वतःची अक्षरंसुद्धा रुंद, बसकी, पाय फाकून उभी राहिल्यासारखी. बापाच्या वळणाची ती अक्षरं अशी आडवी पसरलेली बघून तिला पोरीच्या गालांपेक्षा जास्त वाईट वाटलं. खताचे दुकानवाले आणि गणेश मंडळवाले खूश होऊन का उठायचे, तेही तिला त्याच बाकड्यावर कळलं.

ती परत खुर्चीकडे आली तेव्हा प्रविण बाजूला सरकला. तिनं कोऱ्या पानावर एक वर्तुळ काढलं. हातातली काचेची बांगडी उतरवली आणि आपल्या काचेवर धरून वर्तुळ बांगडीएवढं होईपर्यंत वाढवलं. बांगडी त्यावर बरोबर बसली. मग तीच बांगडी तिनं कौशल्याबाईच्या हातात दिली आणि म्हणाली, "काकू, तुमच्या बाजूला धरून बघा."

कौशल्याबाईनं बांगडी काचेला लावली. वर-खाली जमेना तसं उजवी-डावीकडेही जमेना. पलीकडचं वर्तुळ मोठं तर होतंच, शिवाय आडवं होऊन पडलं होतं, कोंबडीच्या अंड्यासारखं. तिनं बांगडी हलवून हलवून बघितलं आणि मग लेकाकडे बघितलं.

"म्हंजे आमच्याकडचं खोटं व्हतं."

"चित्र एकच हाय, काकू," अफसाना म्हणाली. "काच रुंद हाय. चौकोनी चित्र रुंद काचंत ओढून बसवलं, ते फाकलं. म्या आरसा केलता. चुकी माझी. हिकडं येऊन बसायला पायजे व्हतं."

प्रविण काही बोलायला गेला. आई म्हणाली, "बाप्ये ऱ्हाऊ दे म्हणालता, घरी तूच सांगितलं ना? खात्यापित्या घरचे?" दारात मैनुद्दीन हसल्याचा आवाज आला.

अफसानानं मग आरसा काढून टाकला. पुन्हा त्या दोन चौकटी, एक लहान, एक मोठी. यावेळी तिनं दोन्हींना त्यांचं त्यांचं माप दिलं, लहानीला लहानीचं, मोठीला मोठीचं. पलीकडची चौकट शेजारी न ठेवता आपल्या चौकटीच्या वर ठेवली, म्हणजे बाण चुकून जायचा नाही, मुद्दाम वर ढकलला तरच जाईल. मग इंकस्केपमध्ये त्याच चित्राची दुसरी खिडकी उघडली आणि ती वर ढकलून पलीकडच्या काचेत पूर्ण पसरवली. आता इकडं तिनं हात लावला की तिकडं तेच व्हायचं, पण तिकडच्या मापात. हे सगळं ती सावकाश करीत होती. मधे एकदा बाण हरवला, तेव्हा कौशल्याबाईनं सांगितलं, तो बघ बबनरावांच्या नाकावर बसलाय.

पुन्हा वर्तुळ काढलं. "आता धरा."

वर्तुळ बांगडीहून मोठंच होतं. कौशल्याबाईनं बांगडी बरोबर मधोमध धरली आणि चारी अंगांनी सुटलेली जागा बघितली. वर जेवढी, तेवढीच कडेला. गहू निवडताना बघते तसं तिनं डोळे बारीक करून पुन्हा एकदा बघितलं.

"गोल हाय," ती म्हणाली.

मग काचेत फ्लेक्स आला. मधे मनिषा, आहे तशी, काटक, हनुवटी वर केलेली. कौशल्याबाई बराच वेळ बघत राहिली. तिनं काही कमी-जास्त करायला सांगितलं नाही. फक्त बबनरावांचं तोंड एक बोट लहान करायला लावलं, पोरीच्या मानानं मोठं वाटतं म्हणून. प्रविण हे सगळं बाकड्याच्या कडेला बसून बघत होता. खुर्चीमागून तो कधी निघून तिथं येऊन बसला, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्यांदा छपाई झाली. तो खर्च कोणाचा, हे कोणी काढलं नाही. सकाळच्या एसटीनं गुंडाळी आली आणि मैनुद्दीन स्वतः शिडी घेऊन वस्तीवर गेला. वर चढला नाही, आता चढवत नाही. खाली उभा राहून डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, एवढं सांगत राहिला. फ्लेक्स सरळ लागला. मनिषा दुपारी आली, तिची मिरवणूक निघाली, टोळी तिसऱ्या दिवशी उसाला गेली. फ्लेक्स मागं एकटाच रस्त्याकडे बघत राहिला, संक्रांतीच्या वाऱ्यानं फाटेपर्यंत.

ती बांगडी अफसानानं पुन्हा हातात घातली नाही. रुंद मॉनिटरच्या कडेला एक खिळा आहे, त्यावर ती अडकवलेली असते. बाकड्यावर बसलेली माणसं आता तोंड बघायच्या आधी बांगडी मागतात. अफसाना वर्तुळ काढते, ते धरून बघतात, गोल हाय म्हणतात आणि मग कामाला लागतात. वाढदिवसवाली पोरंसुद्धा हे करतात आणि हसत नाहीत.

दिवाळी झाली आणि आधी ठरलं होतं त्याप्रमाणे साजिद आला; नको म्हणून त्याला कोणी कळवलं नव्हतं. अंघोळ करून, नवा शर्ट घालून आला होता. दुकानात तीन माणसं बाकड्यावर बसून एका विहिरीच्या पूजेचा फ्लेक्स बघत होती. अफसाना खुर्चीत होती. तिच्या मागं भिंत होती, आणि भिंतीवर मैनुद्दीनचे जुने ब्रश टांगलेले होते. साजिद दारात थांबला. कुठं जायचं ते त्याला कळेना. त्यानं मैनुद्दीनकडे बघितलं.

मैनुद्दीननं पेपरातून मान वर केली आणि बाकड्याकडे बोट केलं.

"तिकडं बस. तिथून दिसतं सगळं."